अक्षीचा दगड आणि पातूरचे पाणी

मराठी साहित्यातला निसर्ग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जो उभा राहतो तो बहुतांशी कोकणातला असतो. माड, पोफळी, लाल मातीची वाट, तिच्या टोकाशी फेसाळणारे पाणी. पाठ्यपुस्तकांनी हे चित्र मनावर इतके पक्के ठसवले आहे की आमच्या पातुरातल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र काढा' म्हटले की मुले दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि एका अंगाला झुकलेले नारळाचे झाड काढून मोकळी होत. पळस, बाभूळ, मोह ही झाडे शाळेच्या खिडकीतून दिसत असत, पण ती चित्रात यावीत असे कोणाला वाटत नसे. मी तीस वर्षे मराठी शिकवले आणि त्या तीस वर्षांत समुद्रावरच्या कविता शिकवण्याचे प्रसंग कितीतरी आले. मुले विचारायची, "सर, तुमी पाह्यला का समुद्र?" मी पाहिला होता, मुंबईला, उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने, गिरगाव चौपाटीवर, एका संध्याकाळी पाऊण तास. एवढ्या भांडवलावर तीस वर्षे कुसुमाग्रजांचा कोलंबस शिकवता येतो. स्वतः कुसुमाग्रज नाशिकचे, हाही एक दिलासा होता.

पातूर हे अकोल्याच्या दक्षिणेला, वाशीमच्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले गाव आहे. जुन्या कागदपत्रांत त्याला पातूर शेख बाबू म्हणतात, इथल्या दर्ग्यावरून. गावालगत टेकडीच्या काळ्या दगडात खोदलेली लेणी आहेत. मोजक्या कोरीव कामाची, अजिंठा पाहून आलेल्या प्रवाशाला निराश करतील अशी. गावाच्या पुढे घाट चढला की वाशीमचे पठार लागते. हे सगळे सांगण्याचे कारण पाण्याशी निगडित आहे. पातूरच्या डोंगरउतारावर पडलेला पाऊस उत्तरेला वाहत पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. उलट वाशीमच्या पठारावर, थोडे दक्षिणेला पडलेला पाऊस पैनगंगेत जातो, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा वळसे घेत बंगालच्या उपसागरात पोहोचतो. म्हणजे ज्या प्रदेशाला समुद्राचा पत्ताच नाही असे आपण म्हणतो, तो प्रत्यक्षात दोन समुद्रांना पाणी वाटून देणारा प्रदेश आहे. भूगोलाच्या शिक्षकांना हे ठाऊक असते. मराठीच्या शिक्षकांना क्वचित.

परवाच्या डिसेंबरात भाच्याने अलिबागजवळ नागावला एक बंगला तीन दिवसांसाठी घेतला आणि आम्हांला बोलावले. हल्ली त्याला व्हिला म्हणायचे असते. आईचे वय एकोणऐंशी. तिने समुद्र पाहिलेला नव्हता आणि पाहावा असा हट्टही कधी धरला नव्हता. ती आली ती पणतूसाठी. अकोल्याहून रात्रीची गाडी, सुमारे पावणेसहाशे किलोमीटरचा प्रवास, मग भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी बोट. २०२० पासून ती मोटारींसकट माणसे नेते. समुद्र आईला प्रथम दिसला तो असा, चहाचे कागदी पेले आणि उभ्या मोटारी यांच्या फटीतून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बुलडान्याहून खाली पाह्यलं का असंच निळं दिसते." ही उपमा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नव्हती. घाटाच्या माथ्यावरून दूरवर पसरलेले पूर्णेचे खोरे हिवाळ्याच्या सकाळी खरोखर तसे दिसते.

व्हिलाच्या दिवाणखान्यात प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेला एक कागद टांगलेला होता: 'जवळची आकर्षणे'. डावीकडे जागा, उजवीकडे मिनिटे. नागाव बीच, पायी पाच मिनिटे. अक्षी बीच. अलिबाग बीच व कुलाबा किल्ला. रेवदंडा. काशीद, पांढरी वाळू. मुरुड-जंजिरा. खाली बनाना राइड आणि पॅरासेलिंगचे दर. या प्रकारच्या कागदाची एक स्वतंत्र शैली आहे आणि तिचा अभ्यास कोणीतरी करायला हवा. तिच्यात क्रियापदे नसतात. 'निळाशार समुद्र, सोनेरी वाळू, अविस्मरणीय क्षण.' कोणी काही करत नाही, कोणी कुठे राहत नाही. नुसती विशेषणे पहुडलेली असतात. गंमत अशी की ही विशेषणे आपल्याच निसर्गकवितेने घासूनपुसून ठेवलेली आहेत. व्हिलावाल्याने ती फक्त भाड्याने घेतली आहेत.

त्या कागदात अलिबागचे एक खरेखुरे आकर्षण मात्र राहून गेले होते. तिथे भूचुंबकीय वेधशाळा आहे. पूर्वी ती मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडतील म्हणून १९०४ पासून ती अलिबागला नेण्यात आली. पृथ्वी होकायंत्राच्या सुईला किती ओढते याची नोंद तिथे शंभरावर वर्षे चालू आहे. आकर्षण या शब्दाचा याहून नेमका अर्थ काय असू शकतो? असो.

किनाऱ्यांचे वर्णन मी थोडक्यात उरकतो, कारण ते इतरांनी पुष्कळ केले आहे. अलिबागची वाळू काळसर आहे, काशीदची फिकी. नागावला सुरूची बने आहेत आणि त्या बनांत मोटारी उभ्या असतात. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, भरतीला होडीने. किल्ल्यात गणपतीचे देऊळ आहे आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचा साठा आहे. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबाग गावात. ते १७२९ साली वारले. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते. होडीतला वाटाड्या 'अजिंक्य, अजिंक्य' असे इतक्या वेळा म्हणतो की ऐकणाऱ्याला आपण कोणाच्या बाजूचे, असा प्रश्न पडावा. तो किल्ला सिद्दींनी मराठ्यांपासून, इंग्रजांपासून राखला आणि १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाच त्यावरचा त्यांचा अंमल संपला. तोफा पाहायला सगळे गर्दी करतात. मला तिथला गोड्या पाण्याचा तलाव अधिक पाहण्याजोगा वाटला, पण तो वऱ्हाडी माणसाचा पक्षपात असेल.

पक्षपात म्हणण्याचे कारण आहे. पहिल्या संध्याकाळी आई नागावच्या ओल्या वाळूत उभी राहिली, लाट पायावरून गेली आणि तिने वाकून ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे तं आमच्या हिरीचंच पानी व्हय बापा." आईचे माहेर दहीहांड्याकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही तीरांना अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खोदली की खारे पाणी लागते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि गोड्या पाण्यासाठी बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर हंडे घेऊन चालल्या. मूत्रपिंडाच्या आजारांनी खंगलेली माणसे त्या गावांत घरटी आठवतात. तिथली म्हातारी माणसे सांगत की इथे एके काळी समुद्र होता, तो गेला आणि मीठ मागे राहिले.

या मिठाला इतिहास आहे. दहीहांड्याच्या परिसरात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. इंग्रजी अमलात तो धंदा बुडाला. मिठावर सरकारचा हक्क बसला आणि किनाऱ्याचे मीठ आगगाडीने येऊ लागले. पुढे १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा समुद्र नसलेल्या वऱ्हाडाने काय करावे असा पेच होता. तो दहीहांड्याच्या विहिरींनी सोडवला. अकोल्याचे सत्याग्रही तिथे गेले, विहिरीचे पाणी काढून आटवले आणि कायदेभंगाचे मीठ तयार केले. स्वातंत्र्यलढ्यातला मिठाचा सत्याग्रह म्हटले की चित्रात समुद्र असतोच. आमच्या आजोळच्या चित्रात रहाट होता. याच वर्षी जुलैत पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. मीठ संपले तिथे गवत कामी आले.

वऱ्हाडातला समुद्र शोधायचा तर आणखी एक ठिकाण आहे. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेले सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यातले खारे, क्षारयुक्त तळे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले आणि सगळ्या देशाने त्याचे फोटो पाहिले. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. लोणारच्या कथेत लवणासुर आहे, नावातच मीठ आहे. दगडाकडे पाहिले तरी हेच. जंजिरा ज्या खडकावर उभा आहे, कोर्लईची टेकडी ज्याची आहे, लोणारचे विवर ज्यात पडले आणि पातूरची लेणी ज्यात खोदली, तो सारा एकच काळा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. कोकण आणि वऱ्हाड हे भेद साहित्याच्या इतिहासात आहेत, खडकात नाहीत.

तर व्हिलाकडे परत येऊ. त्याची देखभाल करणारे गृहस्थ साठीचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात उन्हाला बसली असता ते शेजारी येऊन बसले आणि दोघांच्या गप्पा रंगल्या. मी वाचनाचे सोंग करून ऐकत होतो. त्यांची मराठी आईला अर्धी कळत होती, आईची त्यांना पाऊण. समजले ते असे: जिथे आता निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव आहे तिथे त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यातल्या हजारो वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. "आजी, बापाने लावलेली झाडं होती. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढं थांबायचं कसं?" आई म्हणाली, "आमच्याकडं पऱ्हाटी मेली तं पुढच्या साली पेरता येते. कर्ज काढून पेरतेत, मंग तेही मरते." दोघेही काही वेळ गप्प बसले. थांबता आले नाही म्हणून त्यांनी जमीन विकली, ती दोनदा हातोहात फिरली, आणि आता ते त्याच जमिनीवर पगारावर आहेत. झाडांपैकी कडेचे सहा माड शिल्लक आहेत. त्यांना रात्री खालून हिरवे दिवे लावतात.

हे ऐकताना मला 'पडघवली' आठवत होती. कोकणातल्या एका गावाचे उजाड होत जाणे गो. नी. दांडेकरांनी १९५५ साली लिहिले. वाचकांपैकी किती जणांच्या ध्यानात असेल ठाऊक नाही, पण गो. नी. दांडेकरांचा जन्म वऱ्हाडातला, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा, १९१६ सालचा. कोकणची ही कादंबरी वऱ्हाडात जन्मलेल्या लेखकाची आहे, यावर आपल्या प्रादेशिक साहित्याच्या चर्चेत कोणी थांबत नाही. पाच वर्षांनी, १९६० साली, उद्धव शेळक्यांची 'धग' आली आणि वऱ्हाडी बोली तिच्या संपूर्ण वजनासह मराठी कादंबरीत दाखल झाली. तरीही अभ्यासक्रमात 'धग' आली की तिच्या आधी 'प्रादेशिक' हे विशेषण येते आणि भाषेखाली तळटिपा येतात. 'गारंबीचा बापू'लाही प्रादेशिक म्हणतात, हे खरे. परंतु त्यातला समुद्र प्रादेशिक मानला जात नाही. तो सर्वांचा समजला जातो, आणि बाभूळ तेवढी वऱ्हाडाची राहते. माझ्या मते हा भेद लेखकांनी केलेला नाही. तो प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी केला आहे.

बोलीचा विषय निघाला आहे तर कोर्लईबद्दल लिहिले पाहिजे. रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला, पायथ्याशी दीपस्तंभ आणि कोळ्यांची वस्ती. पर्यटक किल्ल्यावर जातात, दीपस्तंभापाशी फोटो काढतात आणि उतरतात. खालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत मात्र एक भाषा आहे जी जगात दुसरीकडे कुठेही बोलली जात नाही. तिचे शब्द पुष्कळसे पोर्तुगीज आहेत आणि वाक्याची चाल मराठी. पोर्तुगीजात क्रियापद मध्ये येते, इथे ते मराठीसारखे शेवटी जाऊन बसले आहे. तिचे बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. १७४० साली चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले, आणि तरीही ही भाषा चहूकडून मराठीने वेढलेली असताना पावणेतीनशे वर्षे तगली. शाळा नाही, लिपी नाही, परीक्षा नाही, प्रमाणरूप ठरवणारे मंडळ नाही. भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात मात्र तिचे नाव मी ऐकलेले नाही.

एका घराच्या ओट्यावर मासे निवडत बसलेल्या दोन बायका बोलत होत्या. मी थांबलो. एकही शब्द कळेना, पण वाक्य कुठे संपले ते कळत होते, कारण ते आपल्याच जागी संपत होते. त्यांतल्या एकीने मान वर करून स्वच्छ मराठीत विचारले, "कोणाकडे आलात?" मी सांगितले की तुमची बोली ऐकायला थांबलो. ती हसली आणि म्हणाली, "आमची पोरं आता मराठीच बोलतात. शाळेत हसतात ना." हे वाक्य मी पातुरात, वऱ्हाडीच्या संदर्भात, पालकांच्या तोंडून शब्दशः ऐकले आहे. तिथे 'मले' म्हणणारी मुले 'मला' म्हणायला शिकतात, इथे 'नॉ लिंग' म्हणणारी मराठी बोलायला. किनाऱ्याला लाट येते ती प्रत्येक वेळी बाहेरूनच येते असे नाही.

रेवदंड्याजवळचे चौल हे तर बाहेरून येणाऱ्यांचेच गाव. टॉलेमीच्या काळी ते 'सिमुल्ला' या नावाने बाहेरच्या जगाला ठाऊक होते. त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ साली इथेच उतरला आणि इथून जुन्नर, बिदरकडे गेला. गोरा माणूस पाहायला लोक मागे मागे येत, असे त्याने लिहून ठेवले आहे. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. अलिबागच्या उत्तरेला नवगावला बेने इस्रायली लोकांची परंपरा आपले पूर्वज फुटलेल्या गलबतातून आल्याचे सांगते. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी सुटी पाळणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी पुढे मराठीत कीर्तने रचली. हे सगळे काही मैलांच्या पट्ट्यात. या किनाऱ्याने कोणालाही मराठी बोलण्याआधी दाखला मागितला नाही.

आता अक्षी. आमच्या व्हिलापासून अक्षी रिक्षाने दहा मिनिटे. दिवाणखान्यातल्या कागदावर 'अक्षी बीच, पक्षीनिरीक्षणासाठी उत्तम' एवढेच होते. आम्ही तिसऱ्या दिवशी, परतीच्या आधी गेलो. मी, आई आणि पणतू. पाहायचा होता तो एक दगड.

अक्षीचा शिलालेख साहित्याच्या विद्यार्थ्यांना नावाने ठाऊक असतो, तोही परीक्षेच्या आधीच्या रात्री. पूर्वी आद्य मराठी वाक्याचा मान श्रवणबेळगोळच्या लेखाला दिला जाई. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात अक्षीच्या लेखाचे वाचन केले आणि त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा दिला. या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तो आकडा वेगळा वाचून लेख दोन शतके अलीकडे आणणारेही आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा लेख आद्यत्वाचा दावा सांगतो. या वादात पडण्याची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. मला त्या लेखातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच्या आरंभी कोकणचा शिलाहार राजा केसीदेवराय याचे बिरुद येते: पश्चिम समुद्राचा अधिपती. तुळपुळ्यांचे वाचन मान्य केले तर मराठी लिहायला लागली तीच समुद्राचे नाव घेऊन.

आणि मराठी ग्रंथ लिहायला लागली ती कुठे? रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. म्हाइंभटांनी तिथल्या वाजेश्वरीच्या देवळात, १२७८ च्या सुमारास, चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आमच्याच तालुक्यातले आलेगाव महानुभावांच्या तीर्थस्थानांत मोडते. म्हणजे पहिला दगड समुद्राकाठी आणि पहिले पुस्तक वऱ्हाडात. मधला दुवा अधिक मजेचा आहे. ज्यांच्या बोलण्यातून हे पुस्तक झाले ते चक्रधर मूळचे भडोचचे, नर्मदेच्या मुखाजवळच्या बंदराचे. समुद्राजवळचा, गुजराती मुलखातला एक तरुण रामटेकच्या यात्रेला म्हणून निघतो, रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी येतो आणि वऱ्हाडच्या-गोदावरीच्या लोकांच्या बोलीत त्यांच्याशी बोलत राहतो, इतके की ते बोलणे मराठीचे आद्य गद्य ठरते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटताना आपण रिद्धपूरचे नाव घेतले. भडोचचे घेतले नाही.

अक्षीचा दगड कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित उभा होता. अलीकडे त्याची नीट प्रतिष्ठापना झाली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे दुसरे कोणी नव्हते. दगड मोठा नाही, अक्षरे झिजलेली आहेत आणि सवय नसलेल्या डोळ्यांना ती अक्षरे वाटतही नाहीत. पणतूने एक प्रदक्षिणा घातली आणि "एवढंच?" असे विचारून तो कुत्र्याच्या पिल्लाकडे वळला. आई मात्र उभी राहिली. तिला वाचता येते ते पोथीपुरते. तिने विचारले, "काय लिहेल हाय याच्यावर?"

मी जमेल तसे सांगितले. राजाचा प्रधान आहे, भइर्जु नावाचा. महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी त्याने धान्य लावून दिले आहे, नऊ कुवली. कुवली हे माप.

"बोडन काय असते?"

कोकणातल्या घरांतून अजूनही होणारा देवीचा कुळाचार, दूध, दही, तूप, मध आणि पुरणावरणाचा नैवेद्य परातीत एकत्र कालवतात, असे मी सांगितले. हजार वर्षांच्या वाटेत राजा गेला, प्रधान गेला, कुवली हे माप गेले, बोडण राहिले.

"नऊ कुवली म्हंजे पायल्या किती?"

ते मला सांगता आले नाही. शेवटी काय लिहिले आहे, असे तिने विचारले. मी म्हटले, शेवटी आण घातली आहे. महालक्ष्मीची आण. हा शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही. आमच्याकडे तो रोजच्या बोलण्यातला आहे; भांडणात, लेकराला जेवू घालताना, पाहुण्याला थांबवताना, 'तुले माही आन हाये' असे आजही म्हणतात. प्रमाण मराठीत त्याच्या जागी 'शपथ' आली आणि 'आण' ऐतिहासिक कादंबऱ्यांत जाऊन बसली. तिने दगडावर हात ठेवला, शेंदूर लावलेल्या देवाला ठेवतात तसा, आणि थोडा वेळ विचार केला.

"मंग देवीचं धान्य आता कोन देते?"

"आता कोणी देत नाही, माय."

"मंग ते आन मोडली कोनं?"